तलाठ्याचे काम फुकट, वर चूकही आमचीच



हल्ली कुठल्याही गावात बैठकीला गेले की कांद्याचे, कापसाचे बोलणे होते, विजेचे होते आणि उठता उठता एखादा पोरगा विचारतोच, "शेतीत एआय येतंय म्हणतात, खरं का?" बातमी खरी आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये महाअ‍ॅग्री-एआय नावाचे धोरण मंजूर केले. ते 2025 ते 2029 या काळासाठी आहे आणि त्यातल्या पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले आहेत. बारामतीच्या उसाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. यंत्र आकाशातून बघणार, जमिनीतले पाणी मोजणार, कीड यायच्या आधी सांगणार. येऊ दे. विचारणाऱ्या पोराच्या हातात फोन असतो आणि त्या फोनात रेंजची एक काडी असते, ती हात वर केला की दोन होते. मला त्या पाचशे कोटींच्या यंत्राआधी या एका काडीबद्दल बोलायचे आहे.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, शेतकरी मोबाईलला घाबरतात. नव्या तंत्राला घाबरणारे आपण नव्हे. बीटी कापसाला दिल्लीच्या समितीने 26 मार्च 2002 ला परवानगी दिली, पण त्याच्या आदल्या वर्षीच गुजरातच्या शेतकऱ्याने ते बियाणे लावून बोंडअळीला उत्तर दिले होते. 10 जून 2019 ला अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे उघड उघड पेरले आणि सरकारला सांगितले, करा काय करायचे ते. बीटी वांग्याला 2010 पासून स्थगिती आहे. म्हणजे वावरात जे तंत्र शेतकऱ्याला हवे आहे त्याला बंदी, आणि खिशातल्या फोनात जे तंत्र सरकारला हवे आहे ते सक्तीचे. यंत्राशी आपले वैर नाही. ते यंत्र कुणाच्या हिशेबाने चालते, एवढेच आपण विचारतो.

आता ई-पीक पाहणी घ्या.

जुन्या माणसांना आठवत असेल, पीक पाहणी तलाठी करायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. गावनमुना बारावर कोणत्या गटात कोणते पीक, किती क्षेत्र, पाणी कशाचे, याची नोंद करणे हे महसूल खात्याचे काम. त्यासाठी त्याला पगार. आता तो शिवारात किती फिरायचा आणि पारावर बसून किती लिहायचा हे मी सांगायला नको. मागच्या वर्षीचाच पेरा यंदाही उतरवला, विहीर पडून दहा वर्षे झाली तरी कागदावर बागायत चालूच. पाहणी खोटी होती हे मान्य. पण खोटी झाली तर खोटे कोण बोलला हे गावाला ठाऊक होते. जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटता येत होता.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याकडे दिले. तुमचे पीक, तुमचा फोन, तुम्हीच नोंदवा. शब्द मोठे गोड होते, आपला सातबारा आपणच लिहायचा. तलाठ्याने त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासायच्या. त्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. हुद्दा वाढला आणि काम आपल्या गळ्यात आले. फोन आपला, त्यातला डेटा आपल्या पैशाचा, आणि दिवस कुठला? खुरपणीचा, फवारणीचा, बाई-माणूस मिळत नाही तो. पुढे सरकारच्या लक्षात आले की लाखो खाती नोंदीवाचून राहतात, तेव्हा सहायक नेमले आणि त्यांना मानधन ठरवले. म्हणजे हे काम फुकटचे नाही, त्याला मोल आहे, हे सरकारनेच कबूल केले. तेच काम शेतकऱ्याने केले की मात्र त्याचे नाव स्वावलंबन.

फोटो त्या गटातच उभे राहून काढायचा. ठीक. पण एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, मीटरमध्ये दहा बाय दहा. उघड्या आभाळाखाली साध्या फोनला आपली जागा पाचेक मीटरच्या फरकाने कळते. झाडाखाली, डोंगराच्या कडेला त्याहून वाईट. पाच एकरवाल्याला त्याने काही होत नाही. भावाभावांत वाटण्या होऊन ज्याच्याकडे आठ गुंठ्यांची लांब पट्टी उरली आहे, तो स्वतःच्या बांधावर उभा असून फोनच्या मते चुलत्याच्या वावरात असतो. त्यात ज्या नकाशावर हा ठिपका पडतो तो नकाशा कसला? एकत्रीकरणाच्या वेळचा. 1947 च्या कायद्याने गट पाडले, आणि कागदावरचा गट एकीकडे अन् वहिवाट दुसरीकडे अशी शेते कितीतरी गावांत आहेत. कोर्टात तीन-तीन पिढ्या गेल्या. तो गोंधळ मिटवायचे काम सरकारचे. ते न मिटवता त्याच नकाशावर उपग्रह नेऊन ठेवला. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आणला पण जू तेच.

आमच्या शिवारातले एक काका आहेत, सत्तरीचे. एका योजनेच्या नोंदणीसाठी त्यांच्या आधारला जोडलेला नंबर पुण्यात असलेल्या मुलाचा. नोंदणीचा आकडा जायचा मुलाच्या फोनवर. मुलगा कारखान्यात कामाला, तिथे फोन गेटवर जमा. जेवणाच्या सुट्टीत तो फोन हातात घेणार तोवर आकड्याची मुदत संपलेली. चार दिवस हे चालले. पाचव्या दिवशी पोराने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पगार कापून घेतला आणि फोन कानाला लावून आकडा सांगितला. घरी हसले सगळे. काका हसले नाहीत. म्हणाले, "मी जिवंत असून माझी साक्ष द्यायला पोराला सुट्टी काढावी लागते."

बरे, नोंद राहिली तर काय बिघडते? 2023 चा कांदा आठवा. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात मातीमोल विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला 350 रुपये, 200 क्विंटलपर्यंत, असे अनुदान जाहीर झाले. अट काय, तर सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद पाहिजे. ज्याच्याकडे बाजार समितीची पट्टी होती, आडत्याचा हिशेब होता, हमाली-तोलाईची कापलेली रक्कम होती, त्याला विचारले, तू कांदा लावला होतास याचा पुरावा काय? अरे, लावला नव्हता तर विकला काय, दगड? ओरड झाली तेव्हा नोंद नसलेल्यांसाठी गावपातळीवर समित्या नेमून खात्री करायचे ठरले. कांदा विकून झालेला, वावर नांगरून पडलेले, आणि समिती पाहणीला. पुढच्याच वर्षी तेच. 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देताना पुन्हा ई-पीक पाहणीची अट घातली, आणि 2024 मध्ये विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्यावर ती सैल केली. अट इतकी पवित्र होती तर सैल का केली? आणि सैल करता येत होती तर घातली कशाला?

शिकलेली पोरे इथे मला अडवतात. म्हणतात, अट नसेल तर बोगस लोक पैसे खातात. खातात, खरे आहे. पीकविम्यात दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमे उतरवल्याची प्रकरणे बाहेर आली. पण ते अर्ज कुणी बोरूने लिहिले नव्हते. सगळे ऑनलाईनच भरलेले होते. अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून 40 रुपये मिळत, म्हणजे जितके अर्ज तितकी कमाई. संगणकाने चोरी थांबत नाही, चोरीला हस्ताक्षर उरत नाही इतकेच. आणि त्या चोरांना अद्दल घडवायची म्हणून काकांचे अनुदान अडवायचे, हा कुठला न्याय?

घड्याळाची गोष्ट याहून वाईट आहे. 2025 च्या खरिपाआधी गारपीट झाली, ओढा फुटून पीक वाहून गेले, तर विमाधारकाला 72 तासांत कळवावे लागत होते. अ‍ॅपवर कळवा नाहीतर फोनवर. ज्या वादळाने पीक झोपवले त्यानेच विजेचे खांब आणि टॉवरही झोपवलेले असतात, हे अट लिहिणाऱ्याला सुचले नाही. तास मात्र चालू. 73 वा तास लागला की दावा बाद होण्याची टांगती तलवार असायची. आता दुसरे घड्याळ बघा. ऊस नियंत्रण आदेश, तोही 1966 चाच. त्यात लिहिले आहे की ऊस तुटून गेल्यावर 14 दिवसांत पैसे, नाही दिले तर 15 टक्के व्याज. हे घड्याळ कोणत्या अ‍ॅपात आहे? कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची खेप पडते त्या क्षणाला संगणकात वजन, वेळ, गाडी नंबर, नाव सगळे येते. पंधराव्या दिवशी त्या नावापुढे आपोआप व्याज चढवणे हे शाळकरी पोराचे गणित आहे. त्याला कसलाच एआय लागत नाही. तरी व्याज सोडा, मुद्दलासाठी मोर्चा काढावा लागतो, मग साखर आयुक्त महसुली वसुलीचा दाखला काढतात, मग तो जिल्हाधिकारी कचेरीत पडतो. आपला उशीर संगणकाला एका सेकंदात दिसतो, कारखान्याचा उशीर दिसायला पुण्यापर्यंत चालत जावे लागते.

तरीही हे सगळे त्रासाचे झाले. त्रास सोसायची आपल्याला सवय आहे. खरी गोष्ट यापुढे आहे, आणि बैठकीत यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

15 एप्रिल 2025 पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. अ‍ॅग्रीस्टॅक म्हणतात तो हाच. त्यात तीन वह्या आहेत. एकीत शेतकरी, दुसरीत गावांचे नकाशे उपग्रहाच्या मापाला बांधलेले, तिसरीत कुणी काय पेरले ते. तिन्ही एकमेकींना जोडल्या की पेरणी संपता संपता सरकारला कळणार, देशात कांदा किती लागला, तूर किती, सोयाबीन किती. आजवर अंदाज होता. आता गटनिहाय, फोटोसकट, आणि फोटो काढून देणारे आपणच.

हे सरकार त्या माहितीचे काय करेल? मागे काय केले ते बघा. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद. 4 मे 2024 ला उठवली तीही 550 डॉलरचा किमान दर आणि 40 टक्के शुल्क लावून. हे सगळे अर्धवट माहितीवर केले. पुरी माहिती हातात आल्यावर भाव चढायची वाटही बघावी लागणार नाही. तुरीला फूल लागायच्या आत बाहेरच्या तुरीची बोट निघेल. बाजारात ज्याला समोरच्याच्या खळ्यात किती माल आहे हे ठाऊक असते, भाव तो ठरवतो. व्यापाऱ्याला आपण कधी सांगतो का, की घरात किती पोती आहेत? बायको बोलून गेली तर तिच्यावर डोळे वटारतो. आणि इथे दर हंगामाला फोटो काढून पाठवतो.

तिकडे आपल्याला भाव दाखवणारा एक पडदा होता. वायदेबाजारात चार महिन्यांनी सोयाबीनला, हरभऱ्याला काय दर राहील असे लोकांना वाटते, ते गावातला पोरगा फोनवर बघू शकत होता. 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग, गहू, बिगरबासमती भात आणि कच्चे पामतेल, सातांचे वायदे बंद केले. एका वर्षासाठी म्हणून बंद केले आणि मग मुदत वाढवत नेली. आपल्या फोनातून भविष्यातला भाव काढून घेतला आणि त्याच फोनात पिकाची हजेरी टाकली. डिजिटल शेती ती हीच असेल तर तिला जुन्या काळी लेव्ही म्हणायचे. फरक एवढाच की लेव्हीला निदान सरकारी माणूस दारात यायचा.

म्हणून नोंद करू नका असे मी सांगणार नाही. तसे सांगणारे पुढारी स्वतःची नोंद गुपचूप करून बसतात, आणि मरतो तो त्यांचे ऐकणारा. नोंद करा. पण आपले मागणे नेमके ठेवा. आपण दिलेल्या माहितीची बेरीज आपल्याला, सरकारला मिळते त्याच दिवशी. तालुक्यात कांदा किती हेक्टर, जिल्ह्यात तूर किती, हे दर आठवड्याला बाजार समितीच्या फळ्यावर खडूने लिहा. सगळ्या राज्यांचे लिहा. मग आम्हीही ठरवू, रब्बीला काय पेरायचे आणि माल कधी काढायचा. आपला ओळख क्रमांक कुणी उघडून पाहिला, बँकेने की विमा कंपनीने की खत दुकानदाराने, त्याची तारीख आपल्याच फोनवर दिसली पाहिजे. यंत्रणा बंद पडेल तितके दिवस मुदत आपोआप पुढे गेली पाहिजे. मंत्र्याच्या दयेवर नको. आणि नोंद नाही म्हणून पट्टी असलेल्या माणसाला नाकारायचे असेल तर ते नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या सहीने लेखी द्यावे. "सिस्टीम घेत नाही" ही सही नव्हे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने यंदाचा गावनमुना बारा काढून आणावा आणि वावरात प्रत्यक्ष जे उभे आहे ते शेजारी पेन्सिलने लिहावे. नोंद चुकली असेल तर चुकली, राहिली असेल तर राहिली. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांनी तर नक्की यावे, त्यांचे कागद आधी बघू. मायबहिणींच्या नावावर जमीन आहे आणि फोन नवऱ्याच्या किंवा दिराच्या नंबरवर आहे, अशा गावागावातल्या नावांची वेगळी यादी करायची आहे. ऊसवाल्यांनी वजनाच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक आणावे. तुटल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख समोरासमोर मांडून 15 टक्क्यांनी प्रत्येकाचे व्याज तिथेच काढू. कॅल्क्युलेटर फोनात आहेच.