एका प्रश्नाची मतपत्रिका

मा. अध्यक्ष, लोकसभा,
संसद भवन, नवी दिल्ली

विषय : कायदा सुचवण्याचा आणि त्यावर कौल देण्याचा मतदारांचा हक्क

महोदय,



मी रायगड जिल्ह्यातल्या तळ्याहून हे पत्र लिहिते आहे. आपल्या आसनावर २००२ ते २००४ या काळात मनोहर जोशी होते. त्यांचे नांदवी गाव आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यात, आणि तळाही पूर्वी त्याच तालुक्यात होते. त्यामुळे हे पत्र मराठीत लिहिताना परक्या दारात उभी आहे असे मला वाटत नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. निवडणुकीच्या ड्युट्या करण्यात उमर गेली. शाई लावली, याद्या तपासल्या, पेट्या सील केल्या. पण मनात घर करून राहिलेली मतपत्रिका मी ड्युटीवर पाहिलेली नाही. ती माझ्या माहेरच्या गावातली. तिच्यावर ना उमेदवाराचे नाव होते, ना पक्षाचे चिन्ह. फक्त दोन चित्रे होती : एक उभी बाटली आणि एक आडवी.

महाराष्ट्रात २००८च्या शासकीय आदेशाने दारूबंदीच्या मतदानाची ही सोय केली आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. आडव्या बाटलीला यादीतल्या निम्म्याहून जास्त महिलांची मते पडली तर दारूचे दुकान बंद होते. त्या दिवशी मी म्हाताऱ्या काकूचा हात धरून तिला शाळेपर्यंत नेले. तिला अक्षरओळख नव्हती. वाटेत तिने तीनदा विचारले, "बाय, आडवी म्हंजे निजलेली ना?" परत येताना पदराने बोट पुसत म्हणाली, "आज मानसाला नाय, गोष्टीला मत दिलं."

मला जे सांगायचे आहे ते काकूच्या या एका वाक्यात आले. आम्ही पाच वर्षांतून एकदा माणसाला मत देतो आणि त्याच्या गळ्यात आमचे शंभर प्रश्न बांधतो. रस्ता, पाणी, शाळा, जमीन, भाव, सगळ्यांसाठी एकच बटण. त्या एका बटणातून आमचे कोणते म्हणणे ऐकायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे मग दुसरेच ठरवतात. माझी मागणी अशी की, ठरावीक संख्येने मतदारांनी सह्या करून कायदा सुचवला, तर त्या एका प्रश्नावर देशाचा कौल घेतला जावा.

हे आपल्या मातीत नवे नाही. गोव्यात १९६३च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार आले. महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्या पक्षाचा मुख्य मुद्दा. लोकांनी पक्ष निवडला म्हणजे विलीनीकरणही निवडले, असे कोणीही म्हटले असते. पण संसदेने कायदा करून हाच प्रश्न गोमंतकीयांना वेगळा विचारला. १६ जानेवारी १९६७ रोजी एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला दोन पाने. सुमारे ५४ टक्के मते दोन पानांना पडली आणि गोवा वेगळा राहिला. त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला सत्ता दिली. आम्हा कोकणातल्या अनेकांना गोवा महाराष्ट्रात यावा असे वाटत होते. कौल आमच्या मनासारखा लागला नाही. तरीही तो मी न्यायाचाच मानते. लोकांना माणूस हवा होता, त्याचा तो एक मुद्दा नको होता, आणि हे सांगायला त्यांना स्वतंत्र कागद मिळाला.

आता आमच्याच जिल्ह्यातले पाहा. सप्टेंबर २००८मध्ये पेण परिसरातल्या २२ गावांत महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, भूसंपादनावर शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे त्या लढ्यात पुढे होती. शेतकरी रांगा लावून आले आणि प्रचंड बहुमताने 'नको' म्हणाले. पण त्या मतदानामागे कायद्याचे बळ नव्हते. कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. लोकांना विचारायचे आणि उत्तर फाइलीत ठेवायचे, याने विश्वास वाढत नाही.

आपण म्हणाल, लोकांचे म्हणणे मांडायला खासदार आहेत, अशासकीय विधेयके आहेत, याचिका समिती आहे. आहेत खरी. पण स्वातंत्र्यानंतर संसदेत मंजूर होऊन कायदा झालेली अशासकीय विधेयके अवघी १४, आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. लोकसभेत याचिका मांडायची तर तिच्यावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. वाट अशी अरुंद असली की माणसे रस्त्यावर येतात. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारेंना उपोषणे करावी लागली. कायदा मागायला माणसाला जीव पणाला लावावा लागू नये.

या अरुंद वाटेचे जुने दुखणे आमच्या कोकणात आहे. खोतीविरुद्ध, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत धडकले. तरी विधेयक मंजूर झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा आला १९४९ साली. मध्ये बारा वर्षे गेली. कुळाच्या घरात बारा वर्षे म्हणजे एक पिढी.

महोदय, या मागणीतला धोकाही मला दिसतो आणि तो मी लपवणार नाही. बहुमत नेहमी न्यायी असतेच असे नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. १९२७च्या मार्चमध्ये सत्याग्रह झाला आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. त्या वेळी गावाचे मतदान घेतले असते तर काय झाले असते, हे सांगायची गरज नाही. न्याय मिळाला तो १९३७ साली उच्च न्यायालयात. स्वित्झर्लंडमध्ये एक लाख सह्या १८ महिन्यांत जमल्या की राज्यघटनेतल्या बदलावर देशाला मत द्यावे लागते. पण त्याच देशात १९५९ साली पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार मतदानानेच नाकारला आणि तो मिळायला १९७१ उजाडले. म्हणून कोणाच्या मूलभूत हक्काला हात लावणारा प्रश्न मतपेटीत जाता कामा नये. त्यासाठी प्रत्येक प्रश्न आधी सर्वोच्च न्यायालयाने तपासावा.

फिनलंडने २०१२पासून सावध वाट धरली आहे. तिथे सहा महिन्यांत ५० हजार सह्या झाल्या की संसदेला तो प्रस्ताव विचारात घ्यावाच लागतो. आपली पहिली पायरी तीच असू शकते. दहा लाख सह्या, त्याही किमान एक तृतीयांश राज्यांतून, म्हणजे एकट्या मोठ्या शहरांची मक्तेदारी होणार नाही. सभागृहाने वर्षाच्या आत चर्चा करून उघड मतदान करावे. एवढे सभागृहाच्या नियमांत बसवता येईल, आणि नियम समितीचे अध्यक्ष आपणच असता. सभागृहाने नकार दिला किंवा मुदत टळली, तर प्रश्न जनतेकडे जावा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, हे मला ठाऊक आहे. पहिली पायरी चढल्यावर ती मागू.

मते कशी मोजायची हेही नीट ठरवावे लागेल. हे मला माहेरच्या त्या मतदानाने शिकवले. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. पण आदेशाला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते हवी होती. आमच्या गावांत निम्मी घरे कुलपात असतात. सुना-लेकी विरारला, नालासोपाऱ्याला. नावे मात्र गावच्या यादीत. त्या गणपतीला आणि शिमग्याला येतात, मतदानाच्या दिवशी नाही. न आलेले प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखे झाले. दुकान तसेच राहिले. संध्याकाळी काकू ओटीवर बसून होती, कोणाशी बोलली नाही. म्हणून कौल हा आलेल्या मतांतून मोजावा, किमान मतदानाची अट वाजवी असावी आणि पोटासाठी गाव सोडलेल्याला आहे तिथून मत देता यावे.

तळ्याजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत सत्ताधारी महाभोजांच्या घराण्यातल्यांची नावे आहेत, तशीच एका वैद्याची, एका माळ्याची, लोखंडाच्या एका व्यापाऱ्याचीही. सगळी एकाच कातळात. मी मुलांना सहलीला नेई तेव्हा माळ्याचा लेख दाखवून सांगत असे : बघा, माळ्याचेही नाव जवळजवळ दोन हजार वर्षे टिकले. देशाच्या कायद्याच्या कातळातही माळ्याला एक ओळ कोरता यावी.

महोदय, हे पत्र नियम समितीसमोर ठेवावे, ही विनंती. यापुढे मी मतदान केंद्रात जाईन तेव्हा माणसासाठी मत असेलच. त्याच्या शेजारी प्रश्नासाठीही एक कागद असू द्या.

आपली नम्र,
तळा येथील एक मतदार