एका कपाचा कैवार

एका वेळी एकच कप कॉफी करून देणारं यंत्र ज्या घरात येतं, त्या घरात पाहुण्यांची शेरेबाजीही येते. अमेरिकेतल्या मराठी घरांना ती जुनी झाली. आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतही ती ऐकू येऊ लागली आहे. हे आळशांचं खेळणं आहे, यानं एकत्र बसून पिण्याची रीत मोडली, यानं कचरा वाढला, यात पैशाचा चुराडा होतो, असे ते चार आक्षेप. चारही एका दमात घेतले जात असल्यामुळे सारख्याच वजनाचे वाटतात. तसे ते नाहीत. पहिले दोन पोकळ आहेत, तिसरा अर्धा खरा आहे आणि चौथा पूर्ण खरा. पण चौथ्यातला आरोपी वेगळाच आहे.

आधी आळसाचं पाहू. कॉफी म्हणजे कशी, तर दूध मंद आचेवर आटवावं, वेलदोडा कुटावा, वर जायफळ किसावं, घरभर दरवळ सुटावा. असं वर्णन करणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरच्या खोलीत बसलेला असतो. हेच सारं पाच जणांच्या पाच वेळा सांभाळत ओट्याशी उभं राहून करणारी बाई त्या वर्णनात नसते. सोहळ्याचं कौतुक पिणाऱ्यानं करायचं आणि पातेलं तिनं घासायचं, ही वाटणी ज्यांना सोयीची होती त्यांनाच यंत्रात आळस दिसतो.

कॉफीची कटकट कमी करण्याची धडपड आळशांनी केलेली नाही. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीनं पितळी भांड्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडली, त्यावर मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि गाळ नसलेली कॉफी गाळून दाखवली. कागदी गाळणीची कॉफी आज रसिकतेची खूण मानली जाते. तिचा जन्म मात्र स्वयंपाकघरातल्या वैतागातून झाला. पुढे १९३८ साली नेसकॅफे बाजारात आली. आज यंत्राला नावं ठेवणाऱ्या कित्येक घरांच्या फडताळात त्याच जातीची इन्स्टंट कॉफी असते, आणि ती ढवळताना परंपरा आठवत नाही.

यंत्र खऱ्या अर्थानं कोणाच्या उपयोगी पडतं? संधिवातानं बोटं आखडलेल्या आजींच्या, ज्यांना गरम पातेलं सांडशीत धरवत नाही. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री काम करणाऱ्या हिंजवडीतल्या मुलीच्या, जिला घर न उठवता कॉफी हवी असते. टाकीत पाणी, खाच्यात कॉफी, कळ दाबायची. मिनिटभरात काम होतं. यात आळस कुठला? दुसऱ्याला कामाला न लावता स्वतःपुरतं करून घेणं याला आपल्याकडे स्वावलंबन म्हणतात.

दुसरा आक्षेप एकत्रपणाचा. एका पातेल्यातली कॉफी माणसं जोडते, असं म्हणतात. त्या पातेल्यात साखर कोणाच्या मापानं पडायची, हेही सांगायला हवं. ती घरातल्या कर्त्याच्या मापानं पडायची. मधुमेही सासूबाई आणि कडक कॉफी आवडणारी सून दोघी तीच निमूट प्यायच्या. चौघांनी चार चवींचे कप घेऊन एका टेबलाशी बसायला यंत्र आड येत नाही. आड येतात त्या कामाच्या वेळा आणि हातातले फोन.

अमेरिकेतल्या यंत्राचा उगमही घर मोडण्यात नाही. जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन यांच्या क्युरिग कंपनीनं १९९८ मध्ये आपलं यंत्र आणलं ते कचेऱ्यांसाठी. तिथल्या मोठ्या भांड्यात सकाळची कॉफी तासन्‌तास तापत राही आणि कडवट होई. त्यावरचा तो उतारा होता. तिचं घरगुती यंत्र २००४ मध्ये आलं. दहा पाहुणे आले तर मात्र ते कुचकामी ठरतं, दहावा कप भरेपर्यंत पहिला थंड होतो. तेव्हा पातेलंच चढवावं. त्याला कोणी बंदी केलेली नाही.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा, आणि इथे आवाज खाली आणायला हवा. प्रत्येक कपामागे एक रिकामी कॅप्सूल, म्हणजे एका कपापुरती पूड भरून येणारी बंद डबी, उरते. आपण हे करायला नको होतं असं कधीकधी वाटतं, हे खुद्द सिल्व्हन यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ मध्ये सरकारी खरेदीतून कॅप्सूल बाद केल्या. पुनर्वापराचे दावे फसवे ठरवून कॅनडाच्या स्पर्धा नियामकानं २०२२ मध्ये क्युरिगच्या तिथल्या कंपनीला ३० लाख डॉलरचा दंड भरायला लावला. आपल्याकडे तर पंचाईत आणखी वेगळी. आत ओला चोथा आणि बाहेर ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक, म्हणजे ही वस्तू ना ओल्या डब्यातली, ना सुक्या. ती फोडून निवडण्याचं काम शेवटी कचरावेचक बाईच्या माथी येतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. कॅनडातल्या क्वीबेकमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींच्या कॉफीचा हिशेब मांडला. कॉफीच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा कॉफी पिकवण्यातच असतो. त्यांच्या हिशेबात २८० मिलिलिटर कॉफीला कागदी गाळणीच्या पद्धतीत २५ ग्रॅम पूड लागते, कॅप्सूलच्या पद्धतीत १४ ग्रॅम. वाचलेल्या ११ ग्रॅम पुडीमुळे टळलेलं उत्सर्जन कॅप्सूल बनवून तिची विल्हेवाट लावण्याच्या उत्सर्जनाहून जास्त भरलं. कॅप्सूलवाले हे आकडे ढालीसारखे वापरतात. नीट वाचलं तर त्यांचा अर्थ निराळा निघतो: हा गुण कॅप्सूलचा नाही, मापाचा आहे. हवी तेवढीच पूड, हवं तेवढंच पाणी, मोरीत ओतायला काही उरत नाही. माप राखून कॅप्सूल टाळता आली तर कचऱ्याचा आक्षेप उरतच नाही.

मग ती टाळली का जात नाही? याचं उत्तर चौथ्या आक्षेपात आहे. छोट्या कॅप्सूलमध्ये साधारण पाच-सहा ग्रॅम कॉफी असते. पाच ग्रॅमची कॅप्सूल पन्नास रुपयांना घेतली, तर किलोचा भाव दहा हजार रुपये झाला. चिकमगळूरची उत्तम, ताजी भाजलेली कॉफी याच्या कितीतरी कमी भावात मिळते. वरचा पैसा कॉफीचा नाही, खाच्याचा आहे. नेस्लेचे अभियंते एरिक फाव्र यांच्या पद्धतीचं पेटंट १९७६ चं, त्या पद्धतीच्या नेसप्रेसो यंत्राची विक्री १९८६ पासूनची. पुढे कित्येक वर्षं त्या यंत्रात दुसऱ्याची कॅप्सूल चालत नव्हती. २०१४ मध्ये क्युरिगनं तर झाकणावरची खूण वाचून परकी कॅप्सूल नाकारणारं यंत्र काढलं आणि पूड भरून पुन्हा वापरायचा कपही बंद केला. गिऱ्हाईक बिथरलं, विक्री घसरली, आणि २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी चूक कबूल करून तो कप परत आणला. गिऱ्हाइकानं ठरवलं तर खाचा बदलतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

तेव्हा सिद्धान्त असा: यंत्र निर्दोष आहे, दोष त्याच्या खाच्यावर बसवलेल्या मालकीचा आहे. घरात यंत्र जरूर असावं. त्यात पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल असावी, आपल्या पसंतीची पूड असावी, चोथा कुंडीत जावा. दूध वेगळं तापवावं, टाकीत कधीही घालू नये. जायफळ किसायला तेव्हाही कोणी अडवत नाही. बोअरवेलचं जड पाणी असेल तर गाळलेलं वापरावं आणि आतले क्षार वेळोवेळी काढावेत, नाहीतर यंत्र लवकर दगावतं. अमेरिकेहून नातेवाइकांनी प्रेमानं आणलेलं यंत्र थेट आपल्या भिंतीत खुपसू नये. ते १२० व्होल्टचं असतं, आपली वीज २३० व्होल्टची.

दुकानात गेल्यावर रंग, पडदा, दाबाचे आकडे यांत गुंतू नका. एकच प्रश्न विचारा: यात माझी पूड चालते का? उत्तर ‘नाही’ आलं, तर यंत्र कितीही देखणं असो, पाकीट उघडू नका.