बंद यंत्राचा हिशेब द्या!



पंचायत समितीचं खोदायचं यंत्र वैशाखापासून गावतळ्याच्या कडेला बंद उभं आहे. कंपनी कुठलीही असो, आपण त्याला जेसीबीच म्हणतो. तळं अर्धं खोदलेलं. वरच्या पाड्याच्या रस्त्यासाठी डोंगर कापला, तोही अर्धाच. पहिल्या पावसात ती सुटी माती घसरून खालच्या खाचरांत पसरली. आवणी तोंडावर आली आणि खाचरात मुरूम! आजारी माणसाला आजही डोलीत घालूनच खाली आणावं लागतंय. म्हणून या वेळचं संपादकीय यंत्रावर आहे. हा विषय फक्त साहेब लोकांचा नाही.

कार्यालयात विचारलं तर म्हणतात, कंपनीचा माल खराब निघाला, पंप वॉरंटीत बदलून मिळाला पाहिजे. कंपनीचा माणूस म्हणतो, सर्व्हिसिंग वेळेवर केलं नाही, भलतंच ऑइल टाकलं, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. आणि आता तर मुदतही संपली. दोघांचं भांडण चालू आहे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: चालवणाऱ्या पोराने यंत्राची वाट लावली. तो पोरगा आपल्याच पाड्याचा, रोजंदारीवरचा. यंत्र थांबलं त्या दिवसापासून त्याची मजुरीही थांबली.

आता वॉरंटी म्हणजे काय ते समजून घेऊ. अशा यंत्राची वॉरंटी बहुतेक वेळा अमुक महिने किंवा अमुक तास, जे आधी भरेल तिथपर्यंत असते. हे यंत्र किती चाललं ते किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. त्यासाठी यंत्रातच तासांचा मीटर असतो. पहिलं सर्व्हिसिंग साधारण ५० तासांनी, पुढे २५० किंवा ५०० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचे असतात. यंत्राचा हात आणि बकेट तेलाच्या दाबावर उचलते. त्या तेलात धूळ गेली की पंप खराब होतो. पिंपातल्या डिझेलात पाणी गेलं की इंजिन त्रास देतं. बकेटचे दात, नळ्या, फिल्टर हे झिजणारे भाग बहुतेक वेळा वॉरंटीत धरतच नाहीत. त्यांचा खर्च कार्यालयाने आधीच बाजूला ठेवायचा असतो.

आणि इथे काय झालं? यंत्र गेल्या जेठात आलं. पुढारी फीत कापायला येईपर्यंत पाच महिने आवारात हार घालायची वाट पाहत उभं राहिलं. काम शून्य, पण वॉरंटीचे दिवस यंत्र ताब्यात घेतल्या तारखेपासून मोजले गेले. पोराने फिल्टर मागितला तेव्हा उत्तर मिळालं, तरतूद नाही. भांडारातून जे ऑइल मिळालं तेच त्याने टाकलं. यंत्र थांबलं तेव्हा वॉरंटी शिल्लक होती. पण कंपनीला फक्त फोन केले, लेखी पत्र गेलं ते मुदत संपल्यावर. फोनचा पुरावा काय दाखवणार? यात पोराची चूक कुठली? ज्याच्या हाती सही होती त्याने सही केली नाही, आणि ज्याच्या हाती फक्त स्टिअरिंग होतं त्याच्या माथी खापर!

यात भलं कोणाचं झालं तेही पाहा. सरकारी यंत्र बंद, म्हणून रस्त्याचं राहिलेलं काम ठेकेदाराच्या भाड्याच्या यंत्राने, तासाच्या दराने करायचं घाटतंय. सरकारी यंत्र जितके दिवस बंद, तितकी भाड्याची बिलं वाढणार. आपलं म्हणणं सोपं आहे. तळ्याची माती आपले हात काढू शकतात. राज्याचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आणि केंद्राचा २००५ चा कायदा हे हाताला काम देण्यासाठीच झाले. हमीच्या कामावर ठेकेदार चालत नाही, आणि मजुराचं काम हिरावणारं यंत्र शक्यतो वापरायचं नाही. हे काम गावात निघालं असतं तर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी काही घरं तरी थांबली असती. खडक फोडायला यंत्र लागतं, ते आम्हालाही कळतं. मग ते चालू ठेवा!

कोणी विचारेल, यंत्र सरकारचं, तुम्ही विचारणारे कोण? ही जमीन वनातली आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) प्रमाणे रस्ता, तळं अशा कामासाठी वनजमीन द्यायची तर ग्रामसभेची शिफारस लागते. जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी आणि झाडं हेक्टरी ७५ च्या वर तोडता येत नाहीत. आपण ठराव दिला तेव्हा झाडं पडली. झाडं आपल्या ठरावावर तोडली, तर कामाचा हिशेबही आपल्याच ग्रामसभेत आला पाहिजे.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

१. यंत्राचं लॉगबुक, सर्व्हिसिंगची वही, वॉरंटीचा कागद आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार ग्रामसभेसमोर ठेवा.

२. पुरवठादाराची अनामत किंवा बँक हमी अजून धरून ठेवली आहे की सोडून दिली, ते लेखी सांगा. वॉरंटी पाळून घ्यायचा दोर तोच असतो.

३. पंप का गेला याची तपासणी कंपनी आणि कार्यालय यांच्या बाहेरच्या जाणकाराकडून करा. तोवर चालकावर ठपका नको. त्याची थकलेली मजुरी द्या.

४. घसरलेल्या मातीचा पंचनामा आवणीआधी करा. खाचरं साफ करायचं काम मजुरी देऊन काढा.

५. तळ्याचं उरलेलं मातीकाम हमीच्या कामात घ्या. कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या.

कागद दाखवले नाहीत तर माहिती अधिकार आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या घराला तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कामाची प्रत्यक्ष पाहणी मागायचा हक्कही त्यात आहे. ज्यांना लिहिता येतं त्या पोरा-पोरींनी आपापल्या पाड्याचा अर्ज लिहावा, मोठ्यांनी त्यावर सही-अंगठा करावा.

यंत्राला गंज चढतोय, तसा कागदालाही चढतो. कपाटात पडून राहिला की तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. तो बाहेर काढा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

जोहार!