लॅपटॉप घेताय? आधी काम ठरवा, मग दुकान गाठा

जव्हार-मोखाड्याकडची मुले-मुली आता बारावी होऊन पुढच्या शिक्षणाला बाहेर पडू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर घरोघरी एक नवी मागणी आली आहे, ती लॅपटॉपची. नागली-वरईच्या शेतीत रोकड किती उरते, हे तुम्हांला सांगायला नको. पुष्कळ घरांत ती दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर राबून आणलेली असते. तेव्हा ३०-४० हजारांची वस्तू शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घ्यावी, असे करून चालणार नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. येथेही तसेच करावे.

पहिला प्रश्न मुलाला विचारा : "बाबा रे, त्यावर तू करणार काय?" सातबारा पाहणे, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएम-किसानचा हप्ता आला की नाही एवढेच पाहायचे असेल, तर घरातला मोबाइल पुरतो. ई-पीक पाहणी तर मोबाइलवरच करावयाची असते. पण पानेच्या पाने मराठी-इंग्रजी लिहायची आहेत, प्रकल्प करायचे आहेत, बचत गटाचे हिशेब मांडायचे आहेत, किंवा मुलगी संगणकाचाच अभ्यास घेते आहे, तर मात्र मोबाइलवर डोळे फोडण्यात अर्थ नाही. या कामांना ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुष्कळ झाला. खेळांसाठी बनवलेले भारी, दिवे लुकलुकणारे यंत्र दुकानदार पुढे करील. ते महाग, जड, आणि वीजही फार खाते.

आता आपल्या भागाची गोष्ट. पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते, ती कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून आमच्या मते इकडच्या माणसाने सर्वांत आधी बॅटरी पाहावी. बॅटरीची ताकद वॅट-अवरमध्ये लिहिलेली असते. लिहिण्या-वाचण्याच्या कामात लॅपटॉप साधारण १० वॅट खातो, असे धरा. मग ५० वॅट-अवरची बॅटरी पाचेक तास चालेल. ३५ वॅट-अवरची साडेतीन तासांत मान टाकील. परीक्षेच्या आदल्या रात्री हा दीड तास फार मोठा असतो.

दुसरे म्हणजे एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते, तिला हिसके सोसत नाहीत. एसएसडीत हलणारा भाग नसतो. एसटीने वा जीपने घाट उतरणाऱ्या पोरासाठी हे ध्यानात ठेवावे. पडदा १४ इंची असला तर पाठीवर ओझेही हलके राहते.

पैसे कमी असतील तर वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. कचेऱ्यांतून निघालेली चांगली यंत्रे निम्म्याहून कमी दरात मिळतात. पण येथे एक खोच आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर रीतसर बसत नाही. पिढी ओळखणे सोपे आहे. प्रोसेसरच्या नावात 'आय५-६२००' असेल तर सहावी, 'आय५-८२५०' असेल तर आठवी. सहावीचा यंत्र-सौदा कितीही गोड वाटला, तरी त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चालवायची तयारी असेल तरच करावा. लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये मराठी छान लिहिता येते, हेही सांगून ठेवतो. जुन्या यंत्राची बॅटरी दुकानातच, वायर काढून, अर्धा तास चालवून पाहा.

हप्त्यांबद्दल जरा स्पष्ट बोलू. दुकानदार "बिनव्याजी हप्ता" म्हणतो. तुम्ही सगळ्या हप्त्यांची, वरच्या खर्चासकट, बेरीज करा आणि रोखीचा भाव विचारा. दोन्हींत फरक निघाला तर तेच व्याज. शिवाय हप्ता महिन्याला येतो, आपले उत्पन्न हंगामाला. जून-जुलैचा हप्ता बियाण्याच्या आणि लावणीच्या पैशांतून द्यावा लागणार असेल, तर ती खरेदी थांबवावी. मुलाला वाईट वाटेल, त्याला हिशेब समोर बसवून दाखवावा. मोठी मुले समजून घेतात.

पावसाळ्यात दमटपणापासून यंत्राला जपावे, चुलीजवळ ठेवू नये, ओल्या पिशवीत तर मुळीच नको.

पक्के बिल घ्यायला विसरू नका. तक्रार उद्भवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर ते बिलच कामी येते. आणि दुरुस्ती कोठे होणार, हे पैसे देण्याआधी विचारा. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिक गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि भाडे गेले. घरी येऊन दुरुस्ती करतो, असे कंपनी म्हणत असेल, तर आपल्या गावाचा पिनकोड सांगून खात्री करा, आणि उत्तर "होय" असेल तर ते लिहून मागा.