काचेला चिलखत, खिशाला खड्डा

नोकरी पुण्या-मुंबईत आणि घर हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे, अशी आमची एक जमात आहे. दिवाळीला बसच्या तिकिटामागे न धावता स्वतःची गाडी काढणारी. या जमातीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. समोरच्या काचेवर ती पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घ्यावी का? माझं मत विचाराल तर बहुतेकांनी लावू नये.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. त्यावर पुढे खडीचा टिपर असला की काचेवर टक्कन आवाज कधी येईल याचा नेम नसतो. पण काच ही काही साधी वस्तू नाही. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर दाबून ती बनवतात. दगड लागला तर बहुतेक वेळा बाहेरच्या काचेचा टवका उडतो, काच अंगावर कोसळत नाही. तो टवका लहान असतानाच रेझिन भरून घेतला तर पूर्ण काच बदलायची वेळ सहसा येत नाही.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरा. काच १२,००० रुपयांची, फिल्म ६,००० ची आणि ती दोन वर्षं टिकते. म्हणजे दोन वर्षांत काच फुटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल, आणि तो प्रत्येक दगड फिल्म अडवणार असेल, तरच पैसे वसूल. फिल्म बारीक खडे झेलते, मोठ्या दगडापुढे तिचं काही चालत नाही. वर वायपर, धूळ आणि मराठवाड्याचं मे महिन्यातलं ऊन. चरे पडलेल्या फिल्ममधून रात्री समोरच्याचा अप्पर बघा, मग कळेल. रस्ताच नीट दिसत नसेल तर काच वाचवून काय करायचंय?

"इन्शुरन्स आहे ना?" आहे, पण इथेही गंमत आहे. काचेवर घसारा कापत नाहीत, हे खरं. मात्र क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तुमचा बोनस ५० टक्के असेल तर तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत परत ५० वर पोचतो. सगळा फरक जोडला तर 'ओन डॅमेज'च्या एका वर्षाच्या पूर्ण हप्त्याच्या १२५ टक्के होतो. हप्ता १०,००० असेल तर १२,५०० रुपये गेले. म्हणजे १२,००० च्या काचेसाठी क्लेम करणं हाच तोटा! बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसी नीट वाचा.

कायद्याचंही बघा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातली. नंतर नियम बदलला, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नियमात बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही असं सांगितलं. समोरच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, ही अट आहे. भर उन्हात नाक्यावर उभं राहून हे सगळं समजावून सांगायची हौस असेल तर गोष्ट निराळी.

अपवाद एकच. काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्या. तिथे काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करावं लागतं, खर्च वाढतो. त्यांनी आपल्या गाडीचे खरे आकडे टाकून हाच हिशोब पुन्हा करावा. फिल्म कॅमेऱ्याच्या आड येणार नाही ना, हेही आधी विचारावं.

बाकीच्यांसाठी फुकटची फिल्म उपलब्ध आहे. दगडाचा तडाखा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण अकरावीत घोकलंय. रस्त्यावरून उडालेल्या खड्याशी १०० ऐवजी ८० ने गाठ पडली तर तडाखा ३६ टक्क्यांनी कमी. टिपरपासून अंतर ठेवा, जमेल तिथे मागे राहा. घरी दहा-वीस मिनिटं उशिरा पोचाल. जेवण काही पळून जात नाही.