फुकटची यष्टी आणि हुमणीचे भुंगेरे



परवा मोटरसायकल गॅरेजला टाकली होती, म्हणून लय दिवसांनी यष्टीनं मुरगूडच्या बाजाराला गेलो. शेजारी वरच्या गावची एक आजी बसलेली. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट काढून दिलं. ते कनवटीला खोचत मला म्हणाली, "बाळ, तुमच्याकडं भुंगेरं निघालं का? आमच्या बांधावरच्या लिंबावर रात्री नुसता घोळका असतोय."

आमच्याकडं वळीव शिंपडून गेलेला, वरच्या गावाला चांगला कोसळलेला. म्हणजे भुंगेरे तिकडं आधी निघाले. त्याच संध्याकाळी बॅटरी घेऊन आमच्या कडुलिंबाखाली गेलो. सुरुवात झालीच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून दिवा लावला, खाली रॉकेल टाकलेल्या पाण्याची पाटी ठेवली आणि फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले.

ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. हुमणीची एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. आज मारलेला भुंगेरा म्हणजे श्रावण-भाद्रपदात उसाची मुळं खाणाऱ्या तेवढ्या अळ्या कमी. पण हे काम एकट्यानं होत नाही. मी गोळा केले आणि बांधाशेजारच्यानं सोडले, तर उपयोग शून्य. गावानं आणि शेजारच्या गावानंही एकाच आठवड्यात करायला पाहिजे.

आता खरा मुद्दा. ही बातमी आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर नव्हती. तिथं सकाळी फुलांचे फोटो येतात. आजीकडं फोन नाही. बातमी आली ती यष्टीतनं.

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना राज्यात यष्टी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. बारावीपर्यंतच्या पोरींना पास मोफत आहे. त्यामुळं आमच्या गाडीत आता कोण दिसतं बघा. दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, कॉलेजच्या पोरी, भांगलणीला दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बायका. पूर्वी म्हाताऱ्या माणसाला लेकाला सवड मिळंल तेव्हा त्याच्या मागं बसून जायला लागायचं. आता ते स्वतःच्या मनानं लेकीच्या गावाला जाऊन येतं, आणि येताना चार गावचं पीकपाणी बघून येतं.

पारावर काही जण म्हणतात, फुकट देऊन सरकार लोकांना आळशी करतंय. कोगनोळीपलीकडं कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सगळ्या बायकांना सरकारी गाडी मोफत केली, तेव्हाही हेच ऐकलं. मी त्यांना एकच विचारतो. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल माफ झालं तेव्हा आपण आळशी झालो का? पाणी पाजायला रात्री उठायचं चुकलं का? मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीच्या तिकिटावर कशाला बोट ठेवायचं?

माझी काळजी वेगळी आहे. गाडीत गडी माणूस दिसत नाही. आम्ही सगळे मोटरसायकलवर, नाहीतर वडापात. त्यात मीही आलो. दुपारच्या फेरीला कधी कधी पाच-सहा माणसं असतात. रिकामी गाडी किती दिवस पळणार? २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हा गाडी नसली की काय होतं ते आपण बघितलंय. ज्यांच्या घरी मोटरसायकल होती त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते पोरींचं आणि म्हाताऱ्यांचं. तिकीट फुकट असून गाडीच नसंल, तर पाट खणला आणि पाणी सोडलंच नाही अशातली गत.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक, मोफत असलं तरी शून्याचं तिकीट मागून घ्या. त्या तिकिटावरच सरकार यष्टीला भरपाई देतं, आणि आपल्या गावचं प्रवासी किती हे त्यावरनंच दिसतं. "राहू दे, फुकटच आहे" असं म्हणून सोडू नका.

दोन, बाजारादिवशी तरी गड्यांनी मोटरसायकल घरी ठेवावी. पेट्रोल वाचंल, आणि आपण पूर्ण तिकीट काढणारं गिऱ्हाईक आहोत.

तीन, शाळेची, बाजाराची आणि दूध घालायची वेळ मांडून ग्रामसभेत ठराव करावा आणि तो आगारात नेऊन द्यावा. गाडीची वेळ गावाच्या वेळेशी जुळली तर माणसं आपोआप बसतील.

कृषी सहायक साहेबांनाही विनंती. महिन्यातनं एकदा आमच्या गाडीनं या. अर्ध्या तासात पाच गावांचं पीक कळंल.

मी ठरवलंय, येत्या बाजाराला यष्टीनंच. आजी भेटली तर तिला सांगायचंय, आमच्या चौघांची पाटी भरली. तिच्या गावानं किती गोळा केले तेही विचारायचंय.