जोतिबाला जाताय? थर्मामीटर घ्या!

चैत्र पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूरकरांच्या घरात एकच प्रश्न, 'जोतिबाला गाडी कोण काढणार?' सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं! गाडी काढणार अर्थात तुम्ही, नवी कार घेतलेला भाचा. पण मागच्या सीटवर केमो चालू असलेली मावशी बसणार असेल, तर जरा थांबा बॉस.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळ गाठतात. तेव्हा गर्दी नको, हे बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो दुसऱ्या संध्याकाळी. मावशीचं अंग कणकणतं. 'दगदग झाली असेल' म्हणत कुणीतरी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणतं. अहो, दगदगीवर अँटिबायोटिक कसलं?

शिवाय हा ताप गर्दीतूनच आला असेल असंही नाही. ई. कोलाय, क्लेबसिएला ही मंडळी आपल्याच आतड्यात मुक्कामाला असतात. केमोनं आतड्याचं अस्तर दुखावलं की ती थेट रक्तात शिरू शकतात. मग खेळ तासांचा. हॉस्पिटलात आधी रक्ताचं कल्चर घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून औषध सुरू करतात, शक्यतो तासाभरात. घरी गोळी घेतली असेल तर कल्चरमध्ये जंतू सापडेलच असं नाही.

आणि जंतूच औषधाला दाद देत नसेल तर? कार्बापेनेम म्हणजे डॉक्टरांची राखीव फौज. तिलाही न जुमानणारे २४ जंतू मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलात तपासले, तर २२ जणांकडे एनडीएम-१ हे जनुक निघालं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. अशा वेळी हाताशी उरायचं कोलिस्टिन, मूत्रपिंडांना त्रास देणारं जुनं औषध. हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. आपण सर्दीसाठी उगाच घेतलेला कोर्स साध्या जंतूंना मारतो आणि अशा दांडग्यांना मोकळं रान देतो. मार्च २०१४ पासून यातल्या बऱ्याच औषधांची विक्री दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला खडूस वाटतो ना? त्याचंच बरोबर आहे.

तेव्हा मावशीचा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन असोत, वॉर्डला फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. नवसाचं टेन्शन नको, यात्रेत गुलाल-खोबरं घरातलं दुसरं कुणीही उधळेल. पेशी वर आल्या की डॉक्टरांना विचारून मावशीला न्या. फक्त रविवार टाळा, त्या दिवशी डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते.